चालू फोन बंद करायचा नसतो

भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या वैरागड्यांच्या घरात एकदा चालू झालेली वस्तू बंद होत नसे. हा आळस नव्हता, सिद्धांत होता. देवानंद वैरागड्यांची सगळी नोकरी प्लांटात ब्लास्ट फर्नेसवर गेली, आणि लोखंडाची ती भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवाळी असो, संप असो, साहेबाच्या पोरीचं लग्न असो, भट्टी चालूच. चुकून थंड पडली तर लोखंड आतल्या आत गोठतं आणि मग ती भट्टी म्हणजे एक फार मोठा दगड. या शास्त्रावर देवानंदरावांनी संसार उभारला होता. त्यांच्या बैठकीतला पंखा इतकी वर्षं फिरत होता की एकदा लाइन गेल्यावर तो थांबला, तेव्हा छतावरची पाल चक्कर येऊन खाली पडली. सुपेल्याच्या बाजारात ते भाजी घेत तेव्हा स्कूटर बाहेर फुरफुरत उभी असे. एकदा वांग्यांचा भाव लांबला, तर स्कूटर एकटीच गल्लीला वळसा घालून परत आली, असं शेजारचे धनंजयराव सांगतात. पण धनंजयराव प्लांटात इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे मोजमापाच्या खात्यातले. त्यांच्या कोणत्याही मापात थोडी घट धरावी.

तर अशा माणसाच्या हातात मोबाइल आला, आणि मोबाइलनं एक दिवस त्यांना सांगितलं, ‘जागा शिल्लक नाही.’

जागा कशानं भरली हे देवानंदरावांना पक्कं ठाऊक होतं. रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी गुलाबाची फुलं. त्यांनी फुलं उपटली, सूर्योदय पुसले, जागा काही होईना. तेव्हा त्यांनी एक मेमरी कार्ड आणून फोनात सरकवलं आणि सामान तिकडे हलवायला घेतलं. फोन म्हणाला, ‘परवानगी नाही.’

हे मात्र लागलं. ज्या माणसाचा गेटपास दाखवला की कोक ओव्हनपासून रोलिंग मिलपर्यंत कुठलंही फाटक उघडायचं, त्याला त्याचाच फोन त्याच्याच कार्डावर पाय ठेवू देत नव्हता.

“कोनाची परवानगी पाह्यजे मंग?” त्यांनी फोनला विचारलं. उत्तर स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोनं, गीतांजलीबाईंनी दिलं.

“काही करा, पन माह्या आईच्या गान्याले हात लावू नोका.”

खरी गोम इथे होती. त्या फोनात गीतांजलीबाईंच्या आईचा, भंडाऱ्याच्या भागाबाईंचा आवाज होता. भिलाईत लेकीकडे आल्या असताना भागाबाईंनी पलंगावर लसूण सोलत भुलाबाईची गाणी म्हटली होती, आणि लेकीनं नवऱ्याच्या फोनात ती भरून घेतली होती. पुढच्या उन्हाळ्यात भागाबाई गेल्या. आवाज तेवढा राहिला. हुडकोतल्या वैदर्भी बायका भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई, म्हणजे विदर्भातला भोंडला, मांडत, पण एकीलाही कुठलंच गाणं शेवटापर्यंत येत नव्हतं. अर्ध्यात गाडी अडायची आणि मग सगळ्या हिंदी भजनाकडे वळायच्या. शेवटापर्यंत येत होतं ते फक्त या फोनाला. महिला मंडळाच्या वसुंधराताईंनी त्याची प्रत किती वेळा मागितली. गीतांजलीबाईंनी दिली नाही, पोटच्या मोनालीलाही दिली नाही. ऐकायचं तर घरी या म्हणत, फोन आपल्या हातात धरत, आणि शेवटचं गाणं संपलं रे संपलं की अंगठा मारून बंद करत. बाई चिंगूस आहे, असं मंडळात ठरून गेलं होतं.

देवानंदराव फोन घेऊन सुपेल्याच्या चौकात नरेशच्या दुकानी गेले. नरेशनं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, “अंकल, इसमें एक ही फाइल इतनी बड़ी है कि पूरा फोन दबा के बैठी है. क्या है ये?”

“सासूबाई हाये,” देवानंदराव म्हणाले.

फोन रूट करावा लागेल, म्हणजे कंपनीकडची मालकी काढून तुमच्या नावे करावी लागेल, एवढं नरेशनं समजावलं. “फिर आप मालिक.” मालक हा शब्द देवानंदरावांना आवडला. नरेशनं फोन रूट केला, भागाबाईंना कार्डावर नेऊन बसवलं आणि मग फोनच्या पोटात एक चिठ्ठी ठेवली. तिला तो बूट स्क्रिप्ट म्हणाला. फोन बंद होऊन पुन्हा जागा झाला की सगळ्यात आधी ही चिठ्ठी वाचणार आणि तिच्यातली कामं वरून खाली मुकाट्यानं करणार. चिठ्ठीत एकच ओळ होती: कार्डाला सात-सात-सात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा घरच्यांचा, तिसरा गावाचा. सात म्हणजे वाचा, लिहा, काय पाहिजे ते करा. शून्य म्हणजे हात लावायचा नाही. डोळ्यांना ताप नको म्हणून नरेशनं फोनला बोलतंही केलं. बोट ठेवलं की आतली बाई जे असेल ते हिंदीत वाचून दाखवायची.

“घर जाके एक बार बंद करके चालू कर लेना,” नरेश म्हणाला.

देवानंदराव हो म्हणाले. पण ते ज्या तोंडानं हो म्हणाले त्या तोंडाला आपण काय कबूल केलं ते कळलं नव्हतं. चालू फोन बंद करायचा? का? चांगला चालला होता की. ते घरी आले, गीतांजलीबाईंनी गाणं लावलं, गाणं वाजलं. काम फत्ते. चिठ्ठी अजून एकदाही वाचली गेलेली नाही, गाणं वाजतंय ते नरेशनं दुकानात हातानं उघडलेल्या दारातून, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. पुढचं सगळं या फरकातून झालं.

बातमी फिरली की वैरागडे साहेब फोनचे मालक झाले. सगळ्यात आधी धनंजयराव आले.

“सात-सात-सात?” ते चहा खाली ठेवून म्हणाले. “भाऊ, तुमी घराची तिन्ही दारं उघडी टाकून झोपून राहिले. कोनतंही ॲप येईन अन् सासूबाईले पुसून जाईन. चार द्या सगळ्याले. वाचा म्हना, पन खोडू नोका.” आणि जाता जाता, “अन् एक सांगतो, फोन काही मागे, काहीही, ‘नाही’ म्हनाचं. विचार नाही कराचा. अंगठा सरळ ‘नाही’वर.”

देवानंदरावांनी चिठ्ठीत दुसरी ओळ घातली. गाणं लावून पाहिलं, वाजलं. “पाह्य गीता, नियम लागला.” ‘नाही’चा सरावही त्यांनी इतका केला की फोननं अपडेट विचारलं, नाही, जागा विचारली, नाही, मोनालीचा रायपूरहून फोन आला, तोही नाही.

मग वसुंधराताई आल्या. त्यांच्या भाचीनं नुसतं बोट लावलं आणि महालक्ष्म्यांचा अख्खा व्हिडिओ उडाला होता. “भाऊजी, वाचाले तरी कावून देता कोनाले? कोजागिरीले समाज भवनात पोरी बसनार हायेत गानं आयकाले. तवपर्यंत कुलूप लावा.”

कुलूप हा शब्द ऐकून देवानंदरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. प्लांटात दुरुस्तीला हात घालण्याआधी स्विचला ज्याचं त्यानं स्वतःचं कुलूप लावायचं असतं, वर नावाची पट्टी, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. जनरल मॅनेजरनं म्हटलं तरी दुसरा काढत नाही. कुलूपवाला जेवायला बसला असेल तर त्याला पंगतीतून उठवून आणतात. देवानंदरावांनी तिसरी ओळ घातली, शून्य-शून्य-शून्य, आणि त्याखाली आपलं नाव लिहिलं. पहिलं शून्य मालकाचं, म्हणजे त्यांचंच. पण मालकाला शून्य काय करणार, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त गाणं मालक गाणार नव्हते. गाणं वाजवणारं ॲप वेगळं, आणि ते बिचारं मालक नव्हतं.

गाणं लावून पाहिलं. वाजलं. आता तुम्हीच सांगा, कुलूप लावल्यावरही दार उघडतंय म्हटल्यावर शहाण्या माणसानं काय समजायचं? देवानंदराव समजले की आपल्या हातात सिद्धी आहे.

कोजागिरीच्या आधी एका दुपारी हुडकोची लाइन गेली. फोनची बॅटरी उतरत उतरत लाल झाली, आणि देवानंदरावांचा चेहरा तिच्याबरोबर उतरत गेला. ते धनंजयरावांच्या गाडीत जाऊन बसले, इंजिन चालू केलं आणि चार्जर लावून फोन छातीशी धरला. गल्लीतून जाणारे लोक डोकावून विचारत, “कोनाले दवाखान्यात नेऊन राहिले का?” ते मान हलवत. लाइन येईपर्यंत गाडीतलं पेट्रोल संपत आलं आणि धनंजयरावांशी बोलणं बंद झालं. पण फोन वाचला. फोन का वाचायला हवा होता हे त्यांना माहीत नव्हतं. तत्त्व म्हणून त्यांनी वाचवला. माणसाला तत्त्वं कधीकधी चुकीच्या कारणासाठी सांभाळतात.

कोजागिरीच्या संध्याकाळी समाज भवन भरलं. मधोमध पाटावर भुलाबाई-भुलोजींची मातीची मूर्ती, भोवती ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, समोर पोरी, मागे बायका, भिंतीला टेकून नवरे. खिरापतीचा स्टीलचा डबा वसुंधराताईंच्या मांडीवर होता. गाणी संपली की डबा वाजवायचा, आत काय ते ओळखायचं, आणि मगच उघडायचा, ही रीत. बोरसी वस्तीतला छत्तीसगढी धर्मेंद्र मोठा स्पीकरचा डबा घेऊन आला होता. धनंजयराव एका खांबाआड होते, म्हणजे बोलणं अजून बंदच होतं.

धर्मेंद्रच्या स्पीकरला फोन सापडेना. इकडून दाबलं, तिकडून दाबलं.

“कका,” धर्मेंद्र म्हणाला, “मोबाइल ला एक घाँव बंद करके चालू कर दव. सब ठीक हो जाही.”

“चालू चीज बंद नहीं करते,” देवानंदराव म्हणाले.

“कका, मोबाइल हे.”

“मोबाइल असो का भट्टी असो. तुम तुम्हारा डब्बा बंद करके चालू करो.”

धर्मेंद्रनं केलं. फरक पडला नाही. पोरी चुळबुळ करायला लागल्या. एक म्हणाली, “आंटी, रील लगा दें क्या?” आणि वसुंधराताईंचा हात डब्यावर घट्ट झाला.

“द्या इकडे,” गीतांजलीबाई म्हणाल्या.

“गीता, तुले समजत नाही...”

“मले समजते. आई माही हाये.” त्यांनी फोन घेतला आणि बाजूचं बटण दाबून धरलं.

पडदा काळा झाला. देवानंदरावांना एकदम थंडी वाजली. ते त्या काळ्या काचेकडे पाहत राहिले, आणि काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. मग कंपनीचं चिन्ह उगवलं, आणि फोनच्या पोटातल्या त्या चिठ्ठीची घडी पहिल्यांदा मोडली. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी.

“मिल गे,” धर्मेंद्र म्हणाला. “कनेक्ट हो गे कका.”

गीतांजलीबाईंनी गाण्यावर बोट ठेवलं. आणि धर्मेंद्रच्या स्पीकरमधून, समाज भवनाच्या काचा हलतील अशा आवाजात, फोनातली बाई म्हणाली, “अनुमति नहीं है.”

कोणाला काही कळलं नाही. गीतांजलीबाईंनी पुन्हा बोट ठेवलं.

“अनुमति नहीं है.”

“काय म्हनून राहिली हे?” मागून कोणी विचारलं.

पुन्हा. “अनुमति नहीं है.” पाटावरच्या भुलाबाईसुद्धा ऐकत असाव्यात.

गीतांजलीबाई खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फोन मांडीवर ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “पुसल्या गेली का आई?”

देवानंदरावांच्या आधी सगळं सभागृह बोलायला लागलं. धनंजयराव खांबाआडून बाहेर आले. “मी फक्त चार म्हनलो होतो. रेकॉर्डवर घ्या. चार.” वसुंधराताई म्हणाल्या, “मी तर कुलूप म्हनलं, बाई. चावी फेकून द्या असं नव्हतं म्हनलं.” धर्मेंद्र म्हणाला की त्याचा डबा नवा आहे. प्लांटात अपघात झाला की चौकशी समितीसमोर नेमकं हेच होतं: सगळे जागेवर हजर होते आणि हात कोणाचाच नव्हता.

कुलूप हा शब्द मात्र देवानंदरावांच्या कानात अडकला. तीन शून्यं. खाली नाव. त्यांच्या लक्षात सगळं एकदम आलं, जसं तव्यावर हात ठेवल्यावर तवा गरम आहे हे लक्षात येतं. चिठ्ठी आज पहिल्यांदा वाचली गेली होती. आजवर वाजलेलं एकही गाणं त्यांच्या ओळींमुळे वाजलेलं नव्हतं. त्या वाचल्या गेल्या नव्हत्या म्हणून वाजलं होतं.

“पुसली नाही,” ते म्हणाले. “कुलूप हाये. माह्यं हाये. मीच काढतो.”

ते बायकोशेजारी जमिनीवर बसले. चष्मा पुसला. चिठ्ठी उघडायला गेले तर फोननं आवाज दिला आणि स्पीकरनं तो हॉलभर पसरवला, “क्या आप मालिक की अनुमति देते हैं?” खाली उलटे आकडे पळायला लागले. आणि इतक्या दिवसांचा सराव अंगात भिनलेला. अंगठा आपोआप गेला आणि ‘नाही’वर बसला.

“अनुमति अस्वीकार की गई.”

“अहो,” गीतांजलीबाई म्हणाल्या.

“माहीत हाये.”

“तुमीच मालक, तुमीच नाही म्हनता?”

“गीता, अंगठा आयकून नाही राहिला.”

तेव्हा गीतांजलीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. भर सभेत, पोरींसमोर. लग्नातसुद्धा त्यांनी इतकं घट्ट धरलं नव्हतं. पुन्हा प्रश्न आला, पुन्हा आकडे पळायला लागले, अंगठा ‘नाही’कडे ओढ घेत होता आणि मनगट ‘हो’कडे. सगळं सभागृह पुढे झुकलं. ‘हो’.

चिठ्ठी उघडली. देवानंदरावांनी आधी आपलं नाव खोडलं, मग तीन शून्यं, मग धनंजयरावांचे तीन चार. नरेशची ओळ तेवढी राहिली. पण चिठ्ठी वाचली जायची तर फोन पुन्हा बंद व्हायला हवा. हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलंय हे गीतांजलीबाईंनाही कळलं. त्यांनी मनगट सोडलं.

“कुलूप ज्याचं त्यानं,” त्या म्हणाल्या.

देवानंदरावांनी बटणावर बोट ठेवलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

फोन काळा झाला. या वेळी चिन्ह यायला उशीर लागला. निदान लागला असं सगळे आजही सांगतात. वसुंधराताईंनी पोरींना गुंतवायला डबा वाजवला. “ओळखा पाहू.” एकीनंही ओळखलं नाही, डब्याकडे कोणी पाहतच नव्हतं. धनंजयराव हळूच येऊन देवानंदरावांच्या मागे उभे राहिले होते, बोलणं बंद असल्याचं विसरून.

चिन्ह आलं. गेलं. फोन उघडला. गीतांजलीबाईंनी पदराला बोट पुसलं आणि ठेवलं.

आधी लसणाच्या सालींचा आवाज आला. मग एक खाकरा. मग भागाबाईंचा आवाज, स्पीकरमधून इतका मोठा की त्या भंडाऱ्याहून चालत आल्यासारख्या वाटल्या. गाणं सुनेचं होतं. सून माहेरी जायला निघते, सासूला विचारते. सासू म्हणते सासऱ्याला विचार, सासरा म्हणतो दिराला विचार, दीर म्हणतो चुलीला विचार, आणि शेवटी घरचं मांजर हो म्हणतं तेव्हा कुठे सून उंबरठा ओलांडते. बायकांना मांजरापर्यंतचं कधीच येत नव्हतं. पोरी टाळ्या धरायला लागल्या. पाठोपाठ दुसरं गाणं, तिसरं. गीतांजलीबाई उठून पोरींच्या फेरात कधी शिरल्या ते त्यांनाही कळलं नाही.

फोन देवानंदरावांच्या हातात राहिला होता.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या थांबल्या. फेराच्या पलीकडच्या टोकाला गीतांजलीबाईंच्या चेहऱ्याचा रंग एकदम बदलला. “बंद करा,” त्या तिथून म्हणाल्या. “अहो, बंद करा ते.”

बंद करा, हे कोणाला सांगता? देवानंदराव बटण शोधेपर्यंत भागाबाई बोलायला लागल्या होत्या.

“झालं का वं गीता? जवाई कुठी गेले? मंग सांगतो. मानूस लाखाचा हाये तुहा. पन बाई, त्यानं सकाळी मोरीतला नळ चालू केला, तो मी आंघोळ करून, पूजा करून, जेवून उठली तरी चालूच. कोनती तरी एक वस्तू बंद करत जा म्हना त्याले. मी मरन तवा माह्या सरनाले तरी विझू देईन का नाही, देव जाने.”

समाज भवन हसून फुटलं. धनंजयराव खांब धरून हसले. आणि गीतांजलीबाई इतकी वर्षं प्रत कोणाला का देत नव्हत्या, शेवटच्या गाण्यावर अंगठा का मारत होत्या, ते एका क्षणात सगळ्या मंडळाला कळलं, आणि देवानंदरावांनाही. नवऱ्याची लाज राखता राखता बिचाऱ्या चिंगूस ठरल्या होत्या.

गीतांजलीबाई तरातरा आल्या आणि त्यांनी फोनकडे हात केला. तेवढ्यात स्पीकरमधून, लांबून, आतल्या खोलीतून यावा तसा, देवानंदरावांचाच आवाज आला. “आई, ते रेकॉर्डिंग बंद करू नोका. राहू द्या चालू.”

गीतांजलीबाईंचा हात तिथेच थांबला. हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या नेहमी याच्या आधीच बंद करत. म्हणजे त्या दिवशी ते कोणी बंद केलंच नव्हतं. दिवसभर ते चालूच राहिलं होतं. नरेशला दिसलेली ती भली मोठी फाइल नुसत्या गाण्यांची नव्हतीच.

लसणाच्या साली पुन्हा वाजल्या. भागाबाई स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या. कोणाला तरी त्यांनी हाडहुड केलं, बहुतेक मांजराला. मग मोनालीच्या वेणीवर बोलल्या, भावाच्या वांग्याच्या वाडीवर बोलल्या. काही खास नाही. घरात म्हातारं माणूस असलं की जे कानावर पडत राहतं आणि कोणी ऐकत नाही, ते.

“बंद करू का?” देवानंदरावांनी हळूच विचारलं.

“नोको,” गीतांजलीबाई म्हणाल्या. “राहू द्या.” आणि त्या तिथेच, त्यांच्या शेजारी बसल्या.

पोरी बसल्या. बायका बसल्या. डबा तसाच बंद. बराच वेळ नुसत्या साली वाजत राहिल्या, आणि मग भागाबाई जरा चिडून म्हणाल्या, “कोनी पंखा बंद करा वं तो. थंडी वाजून राहिली मले.”

देवानंदराव उठले. हॉलमधल्या सगळ्यांच्या देखत भिंतीपाशी गेले, समाज भवनाच्या पंख्याचं बटण शोधलं, आणि बंद केलं.